जिंतूरची शिवण, ग्रीनलंडचा वारा

आत्या, तंबू टिकला.

सगळ्यात आधी तुला हेच सांगायचं होतं. परतीच्या विमानात मी वाक्यं जुळवत बसले होते. वादळापासून सुरू करू की पहिल्या दिवसापासून, आधी स्लेजचं सांगू की तंबूचं. आणि मला माहीत होतं, मी काहीही ठरवलं तरी तू मधेच अडवणार. "ते ऱ्हाऊ दे. झालर उचलली का ते सांग." नाही उचलली. एका बोटाएवढीसुद्धा नाही. सत्तावीस दिवस आम्ही चौघीजणी ग्रीनलंडच्या बर्फावर सामानाच्या स्लेज ओढत चाललो, रोज तंबू लावला, रोज काढला, आणि जिंतूरच्या ताडपत्रीच्या दुकानात बसून तू शिवलेली तंबूच्या कडेची ती झालर रोज बर्फाखाली दबून गुमान पडून राहिली.

परभणी स्टेशनवर बाबा एकटेच आले होते. मला वाटलं, लग्नसराई आहे, मंडपवाल्यांची कामं असतील, तू दुकानात असशील. बाबांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला जाऊन एका बाकावर बसले. मला म्हणाले, "बस." पोस्टमन म्हणून तीस वर्षं लोकांच्या दारात तारा आणि पत्रं देणारा माणूस. त्यांना वाईट बातमी कशी द्यायची ते माहीत आहे. त्यांनी एका वाक्यात सांगितलं. तुला जाऊन चोवीस दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला होता.

मी त्यांना काय विचारलं असेल? मी म्हणाले, "पण रविवारी फोनवर तर तुमी म्हणालात ती दुकानात गेलीय."

बाबा म्हणाले, "तिनंच सांगून ठेवलं व्हतं. पोरगी परत येईस्तोवर तिला काही कळू द्यायचं न्हाई."

या गोष्टीवरून मी तुझ्याशी भांडणार आहे. पण आज नाही. आज मला आधी सगळं सांगून होऊ दे, कारण ते सांगायला या जगात दुसरं योग्य माणूस नाही. बाकी लोक विचारतात, थंडी किती होती, भीती वाटली का, तिथं जेवण काय होतं. टाक्याबद्दल कुणीच विचारत नाही.

तुला आठवतं, गेल्या मे महिन्यात आपण देवगाव फाट्यावर ते सामान घ्यायला गेलो होतो? आमच्या मोहिमेची प्रमुख रेवतीताई पुण्याची. चौघींत तिनं कामं वाटून दिली होती. एकीकडं जेवण, एकीकडं औषधं, एकीकडं नकाशे, आणि माझ्याकडं स्लेज आणि तंबू. मी शाळेत खेळ शिकवणारी बाई. हिमालयातल्या दोन-तीन मोहिमा केल्या होत्या, पण बर्फावरून महिनाभर ओढायची स्लेज मी फोटोतच पाहिलेली. तिनं दोन तंबू आणि दोन प्रकारच्या स्लेज नमुना म्हणून मिळवल्या आणि ट्रकनं पाठवल्या. महिन्याभरात निवडून सांग, म्हणाली. ट्रक जिंतूरला यायला तयार नव्हता, म्हणून आपण छोटा टेम्पो घेऊन फाट्यावर गेलो.

लांब स्लेज खाली उतरवली तेव्हा चहाच्या टपरीवरचे सगळे गोळा झाले. ती चांगली पुरुषभर लांब, पुढून नाक वर उचललेली, लालभडक. एकानं विचारलं, "बाई, ही होडी येलदरीच्या धरणावर चालली का?" तू पदर खोचून तिच्या तळावरून हात फिरवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "माझ्या भाचीची हाय. पाण्यावर न्हाई, बर्फावर चालती." त्या माणसाला वाटलं तू चेष्टा करतेस. मला मात्र त्या वेळी पहिल्यांदा खरं वाटलं की मी जाणार आहे. त्याआधी नुसते ईमेल होते.

येताना टेम्पोत मागं, स्लेजच्या शेजारी, आपण दोघी तंबूच्या पिशव्यांवर बसून आलो. उन्हानं पत्रा तापला होता. तू पिशवी उघडून कापड बोटांत चोळत होतीस आणि एकटीच बोलत होतीस. "कापड लय नाजूक हाय, पण विणलंय मजबूत. शिवण दुहेरी. बाईनं शिवलेली दिसती." मी विचारलं, कशावरून? म्हणालीस, "कोपऱ्यात दोरा तोडायच्या आधी तीनदा मागं गेलीय. माणूस दोनदाच जातो."

दुसऱ्या दिवशी पहाटे आपण शाळेच्या मैदानावर दोन्ही तंबू लावले. एक घुमटासारखा, पोल एकमेकांवरून तिरपे जाणारे, जमिनीला न ठोकताही उभा राहणारा. दुसरा बोगद्यासारखा, तीन कमानी ओळीनं, दोरांनी ताणल्याशिवाय उभाच न राहणारा. मी घुमटाच्या प्रेमात पडले होते. दिसायलाही तो देखणा होता. तू मला हातात दोन-दोन जाडे मोजे घालायला लावलेस, उन्हाळ्यात, आणि म्हणालीस, आता लाव. घुमट लावायला मला एकोणीस मिनिटं लागली. पोलचे तुकडे एकात एक बसवता बसवता मी घामानं निथळले, आणि एक तुकडा मोज्यातून निसटून दोनदा मातीत पडला.

तू मैदानाच्या कडेला बसून बघत होतीस. "जोडायचं काम बाहेर कशाला करायलीस?" म्हणालीस. "घरून जोडून न्यायचं."

"आत्या, जोडलेला पोल तीन माणसांएवढा होतो. तो नेणार कसा?"

"मधी एकदा दुमड. बाकीचे जोड तसेच ऱ्हाऊ दे, तंबूला शिवलेल्या पोलच्या बाहीतच. लांब पिशवी शिवते मी. पिशवीतून ओढला, दुमड सरळ केली, का झाला उभा."

बोगदा तसा लावून बघितला. चार मिनिटं. मला तो आकडा आवडला नाही, म्हणून मी पुन्हा लावला. पुन्हा चार. पुढं कळलं की ध्रुवावर जाणारे जुने लोक हे असंच करतात, पोल आत ठेवूनच तंबू गुंडाळतात. पण ते तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुला मोजे घातलेले माझे हात दिसले, एवढंच.

मी हार मानली नव्हती. म्हटलं, वाऱ्यात बघू. आणि चौथ्याच दिवशी दुपारी धुळीचं असं वादळ उठलं की शाळेचा नोटीस बोर्ड गेटपर्यंत उडाला. आपण दोघी तोंडाला ओढण्या बांधून मैदानावर. घुमट थरथरत उभा होता. बोगद्याला वारा आडवा लागला आणि तो सपाट झोपला. मी ओरडून तुला म्हणाले, बघ. तू झोपलेल्या तंबूभोवती एक फेरी मारलीस, मला एक बाजू धरायला लावलीस, आणि आपण तो फिरवून त्याचं तोंड वाऱ्याकडं केलं. मग तू प्रत्येक दोर हातानं ओढून असा ताणलास की बोटानं वाजवला तर आवाज यावा. तो उठला आणि उभा राहिला. कापड हलेनासं झालं.

"वारा कापड फाडीत न्हाई," तू म्हणालीस. "फडफड फाडती. कापसाच्या ट्रॉलीवर बग, जी ताडपत्री ढिली, तीच फाटती."

त्या संध्याकाळी तू झालरीची गोष्ट काढलीस. तंबूच्या खालच्या कडेला बाहेरून जी पट्टी असते, तिच्यावर फावड्यानं बर्फ टाकतात म्हणजे वारा खालून शिरत नाही. नमुन्याच्या तंबूला ती जेमतेम वीतभर होती. तुला ती दोन विती हवी होती. मी म्हणाले, वजन वाढेल. तू म्हणालीस, वाढू दे. मी म्हणाले, प्रत्येक ग्रॅम मी ओढणार आहे, तू नाही. तू म्हणालीस, "आन् उडून गेला तर काय ओढशील?"

खरं भांडण स्लेजवरून झालं. मला दोन छोट्या हव्या होत्या, एकामागं एक बांधलेल्या. जीपमध्ये मावतात, हलक्या पडतात, एक मोडली तर दुसरी उरते. तुला एकच लांब हवी होती, कारण तुझी लांब पिशवी छोट्या स्लेजवर बसत नव्हती. मी म्हणाले, पिशवीसाठी स्लेज निवडायची का? तू म्हणालीस, तंबूसाठी निवडायची, आणि तंबू जगला तर तू जगशील. दोन दिवस आपण एकमेकींशी नीट बोललो नाही. बाबा दोघींच्या मधे बसून जेवायचे.

शेवटी माणिककाकांनी त्यांचं नांगरून टाकलेलं रान दिलं. काळी जमीन, वाळून दगड झालेली ढेकळं, काही गुडघ्याएवढी. मी फोटो दाखवले होते, बर्फावर वाऱ्यानं कापलेल्या लाटा कशा असतात ते, आणि काका म्हणाले होते, "हे तर आमचं नांगरट हाय, पांढरं." दोन्ही प्रकारच्या स्लेजवर बियाण्याच्या पिशव्या आणि पाण्याचे कॅन बांधले, कमरेला पट्टा लावला आणि मी सूर्य उगवायच्या सुमाराला ओढायला लागले. काका बांधावर उभे. म्हणाले, "बैल काय झाले, पोरी?" छोट्या स्लेज ढेकळात शिरायच्या आणि कलंडायच्या. बांधापासून बांधापर्यंत नऊ वेळा कलंडल्या. लांब स्लेज दोन ढेकळांवर एकदम टेकायची आणि मधली खाच ओलांडून पुढं यायची. मी तरीही म्हणाले, ढेकूळ म्हणजे बर्फ नव्हे.

"मग बर्फ कुठून आणू?" तू म्हणालीस. आणि खरंच आणलास. तुझ्या ओळखीच्या एका माणसाचं परभणीला आइस्क्रीमचं गोदाम होतं; त्याच्या गाड्यांची कव्हरं तू शिवायचीस. त्या शीतगृहात उणे वीस. बाहेर बेचाळीस. तू नऊवारीवर माझा जुना स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला मफलर, पायात माझ्या ट्रेकिंगचे बूट. आपण आइस्क्रीमच्या खोक्यांमधे तंबूचा दरवाजा पसरून बसलो आणि चेन उघड-बंद करत राहिलो. दहा मिनिटांत माझ्या मोज्यातल्या बोटांना चेनची टोपी सापडेना. तू तिथंच, थरथरत, पिशवीतून दोरी काढून प्रत्येक चेनला हातभर लांब फास बांधलास, म्हणजे मनगट घालूनही ओढता येईल. बाहेर आल्यावर गोदामवाल्यानं आपल्या दोघींना कप दिले. तू म्हणालीस, "आज आइस्क्रीम नगं, चहा दे बाबा."

त्या दिवशी घरी येताना एसटीत तू खिडकीशी बसून किती हसत होतीस. तुझे गाल लाल झाले होते. साठीची बाई, दिवसभर जड मशीनवर वाकून ताडपत्र्या शिवणारी, तेविसाव्या वर्षी नवरा गेल्यावर माहेरी येऊन कुणावर ओझं न झालेली. तू मला म्हणालीस, "आयुष्यभर लोकांचा माल झाकला गं. माणूस झाकायचं काम पहिल्यांदा आलंय."

मी रेवतीताईला कळवलं: तंबू बोगद्याचा, स्लेज लांब. तिनं विचारलं, खात्री आहे? मी हो म्हणाले. खरं सांगते, तंबूची खात्री होती. स्लेजच्या बाबतीत मी तुझ्यापुढं थकले होते.

मोहिमेचे दोन्ही तंबू आले तेव्हा तू दुकानाच्या शेठकडून सुट्टी घेतली नाहीस. दिवसा ताडपत्री, आणि मधल्या वेळात आमची झालर. त्याच वेळी तू तो पट्टाही शिवलास, तंबूच्या टोकाला, पसरलेल्या हातांनी दोन वाव लांब, टोकाला मोठा हुक. मला वाटलं दोरीच्या जागी असेल. तू मला समोर बसवून सांगितलंस, शाळेत सांगतात तसं, "ध्यान देऊन ऐक. आधी हा हुक होडीला. मग पिशवीची चेन. उलटं कधीच करायचं न्हाई. ट्रॉलीवर आमी काय करतो? आधी एक कोपरा बांधतो, मग ताडपत्री उघडतो. मोकळी सुटली का ती आपली न्हाई, वाऱ्याची." मग माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंस. आधी हुक, मग चेन.

निघायच्या आठवड्यात तू जिना चढताना मधेच थांबलीस. मी म्हणाले, परभणीला दाखवून ये. "तू जा, मी जाते," म्हणालीस. गेलीस, गोळ्या आणल्यास, मला पाकीट दाखवलंस. मी त्या पाकिटावर विश्वास ठेवला, कारण मला जायचं होतं. हे मी आता लपवत नाही.

आता बर्फ. आत्या, तू विचारायचीस ना, नुसतं पांढरं म्हणजे कसं? आपल्याकडं चैत्रात रान मोकळं झालं की चारी बाजूंना क्षितिज दिसतं, तसं. पण झाड नाही, खांब नाही, पाखरू नाही. दिवस मावळतच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याच स्लेजचा आवाज, सुऱ्या घासल्यासारखा, आणि स्वतःचा श्वास. आणि लाटा. माणिककाकांचं नांगरट, अगदी तेच. रेवतीताईनं पहिल्या दिवशी विचारलं, तू या लाटांतून अशी सवयीनं कशी चालतेस? मी म्हणाले, मी जिंतूरची आहे.

रोज तंबू लावायच्या वेळी मी हुक लावायला कंटाळायचे. बोटं बधिर झालेली असायची आणि वारा नसायचा. रेवतीताई ओरडायची, "आत्यांचा हुक." तिघींनाही तो पाठ झाला होता. त्या तुला आत्याच म्हणायच्या, न भेटता.

बाराव्या दिवशी दुपारी समोरचं क्षितिज पुसलं गेलं. पंधरा मिनिटांत वारा इतका वाढला की शेजारी उभी असलेली रेवतीताई मला ऐकू येईना. तिनं हातानं खूण केली, तंबू. मी गुडघ्यावर बसले, हुक लावला, चेन उघडली. आम्ही दोघींनी कापड ओढलं, मी दुमड सरळ करायला वाकले, आणि त्याच क्षणी एक झोत आला. तंबू रेवतीताईच्या हातातून गेला. मी तो जाताना पाहिला, आत्या. आडवा, पतंगासारखा, सगळाच्या सगळा हवेत. त्या बर्फावर तंबू गेला म्हणजे काय, ते आम्हा चौघींना वेगळं सांगायला नको होतं. दुसरा तंबू होता, पण त्या वाऱ्यात तोही असाच गेला असता.

मग तुझा पट्टा ताणला. सामानानं भरलेली लांब स्लेज जागची उचलली गेली, हातभर घसरली आणि थांबली. मी तिच्यावर आडवी पडले. बाकी दोघी धावत आल्या, पट्टा धरून, हात-हात करत आम्ही तंबू परत ओढला, विहिरीतून पोहरा ओढतात तसा. चौघींनी मिळून तोंड वाऱ्याकडं केलं, खुंट्या ठोकल्या, झालरीवर फावड्यानं बर्फ ओतला. दुसरा तंबू पिशवीतच ठेवला. चौघी एकात शिरलो.

दोन दिवस आम्ही आत होतो. बाहेर आगगाडी चालल्यासारखा आवाज. कापड हललं नाही. तासाभरानं रेवतीताई म्हणाली, "आत्यांबद्दल सांग काहीतरी." मी सांगत राहिले. फाटा, टेम्पो, आइस्क्रीमचं गोदाम, तुझी नऊवारी आणि माझे बूट. चौघी इतक्या हसलो की स्टोव्ह विझवावा लागला. मी म्हणाले, आता रविवारी फोन लागला की तिला सांगते, ती दुकानात पेढे वाटेल.

तू त्या वादळाच्या दोन दिवस आधी गेली होतीस.

रविवारी उपग्रहाच्या फोनवर दोन मिनिटं मिळाली. मी बाबांना म्हणाले, आत्याला सांगा पट्ट्यानं जीव वाचवला, आत्ता लगेच सांगा. बाबा थोडं थांबले. मला वाटलं आवाज उशिरा पोचतोय. म्हणाले, "सांगतो. दुकानात गेलीय ती." ती दोन मिनिटं बाबांनी कशी काढली असतील, ते विचारायची अजून मला हिंमत नाही. भांडण हेच आहे माझं तुझ्याशी. तुला माझी फिकीर होती, कबूल. पण तू मला तुझ्यासाठी रडायची पाळी महिनाभर पुढं ढकललीस आणि ते ओझं बाबांवर टाकलंस. मला कळलं असतं तर मी खचले असते का? कदाचित. कदाचित वेगानं चालले असते. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तू कापडाला विचारायचीस, वाऱ्याला विचारायचीस, मला नाही विचारलंस.

पण ते दोन दिवस, तंबूत, तू जिवंत असल्यासारखी आमच्यात होतीस, आणि मी इतकी आनंदात होते की अजूनही त्या आनंदाबद्दल मला वाईट वाटत नाही. कदाचित तुला हेच हवं होतं. मला अजून ठरवता येत नाही.

आणि हो, स्लेज. किनाऱ्याकडं उतरताना बर्फाचे उंचवटे आणि उतार लागले, तेव्हा तुझी लांब स्लेज मागून येऊन माझ्या घोट्यावर आदळली. एकदा नाही, दिवसाला पाच-सहा वेळा. छोट्या स्लेज असत्या तर उतारावर हातानं सावरता आल्या असत्या. म्हणजे उतारावर मी बरोबर होते. घोट्यावर निळा-काळा डाग पडला होता आणि तो मी तुला दाखवायला जपला होता, जणू कोर्टात पुरावा द्यायचाय. घरी पोचेपर्यंत तो गेलाही.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. परतल्यावर पुण्यात पत्रकार भेटायला आले होते. एकानं विचारलं, साहित्याची निवड कुणी केली? मी म्हणाले, आमच्या टीमनं. रेवतीताईनं माझ्याकडं पाहिलं. मी मनात ठरवलं होतं, तुझं नाव जिंतूरला, सगळ्यांसमोर, तुला स्टेजवर बसवून घ्यायचं. म्हणून तिथं राखून ठेवलं. त्या दिवशी तुला जाऊन तीन आठवडे झाले होते. नाव राखून ठेवू नये, हे मला आता कळलंय.

गेल्या रविवारी जिंतूरला सत्कार झाला. मंगल कार्यालयात, शाल, नारळ, भाषणं. मला धैर्य या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी माईकवर तुझं पूर्ण नाव घेतलं, वत्सला किसन खंदारे, ताडपत्री शिवणाऱ्या, आणि मग म्हणाले की पुढचं बाहेर पटांगणात दाखवते. बाबांनी एक बाजू धरली. आधी हुक, मग चेन. बेचाळीस अंशांत तंबू चार मिनिटांत उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पंख्याखाली परत गेले.

तुझ्या दुकानातल्या चौघीजणी मात्र गेल्या नाहीत. कमलबाई, आणि तिच्यामागं बाकीच्या. त्यांनी शाल-नारळाकडं बघितलंही नाही. चौघी खाली बसल्या आणि झालरीवरून अंगठा फिरवत तंबूभोवती सरकत गेल्या. कमलबाई एका जागी थांबली. "ही शिवण वत्सलाबाईची न्हाई."

ती माझी होती. एका दुपारी तू मला मशीनवर बसवलं होतंस. मी कबूल केलं. कमलबाई म्हणाली, "दिसायलंच हाय. पण निभावली."

मग त्या आत शिरल्या आणि चेन लावून घेतली. इतक्या उन्हात, चौघी, बंद तंबूत. मी बाहेर उभी होते. आतून त्यांचा वाद ऐकू यायला लागला. एक म्हणत होती झालर अजून रुंद पायजे व्हती, दुसरी म्हणत होती कापड वेगळं घ्यायचं, तिसरी म्हणाली कोपऱ्यात चामड्याचा तुकडा बसवला तर दहा वरसं बघायला नको. बाबा सावलीत बसून ऐकत होते आणि डोळे पुसत होते, आणि हसतही होते.

"पोरी," आतून कमलबाईचा आवाज आला, "पुन्यांदा कवा जायलीस?"

मी म्हणाले, रेवतीताई दक्षिण ध्रुवाचं म्हणतेय. दोन वर्षांनी.

मग चेन अर्धी उघडली, घामानं डबडबलेला कमलबाईचा चेहरा बाहेर आला, आणि ती म्हणाली, "कापड आमाला आधी आणून दाखव. मागून न्हाई."